गाडी गल्लीतली गल्लीतच

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, कुंपणाजवळ. पलीकडे नाना झाडांना पाणी घालताहेत. त्यांना कमी ऐकू येतं असं नानी सांगतात, पण आपल्याबद्दल काही चाललं असलं की ते बरोबर ऐकू येतं.

वहिनींच्या गाडीचं कळलं ना तुम्हाला? कुठल्या वहिनी काय विचारता! डॉक्टरांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर दिवाळीनंतर राहायला आल्या त्या. भाऊजी अंबडला कंपनीत आहेत, मुलगी तिसरीत आहे. स्वभावानं गरीब हो अगदी. फक्त पोटात काही राहत नाही बाईंच्या. आणि त्यातूनच तर सगळं…

थांबा, पहिल्यापासून सांगते. गाडी सेकंडहँड, पण तसं म्हणायचं नाही हं. मी एकदा चुकून म्हटलं तर वहिनींच्या हातातला चहाचा कप बशीत आपटला. ‘सर्टिफाइड’ म्हणायचं. भाऊजींचा विचार होता की ओळखीच्या एजंटकडून घ्यावी, वीसतीस हजार वाचतील. पण वहिनी म्हणाल्या, एजंट उद्या दुकान बंद करून गेला तर भांडायला जायचं कुणाकडे? कंपनीच्या शोरूमातूनच घ्यायची. खोटं नाही त्यांचं. आता सगळ्याच कंपन्यांची तशी दुकानं आहेत की. मारुतीनं 2001 मध्ये ट्रू व्हॅल्यू काढलं, ह्युंदाईचं एच प्रॉमिस आहे, टोयोटाचं यू ट्रस्ट आहे. ट्रू व्हॅल्यूवाले तर म्हणे 376 गोष्टी तपासतात, आणि गाडी सर्टिफाइड ठरली की वर्षाची वॉरंटी आणि तीन सर्व्हिस फुकट. वहिनींनी कुठल्या कंपनीची घेतली ते मात्र मी सांगायची नाही. पांढरी आहे, छोटी आहे, एवढं पुरे.

तर मार्गशीर्षातला गुरुवार. वहिनींनी ठरवूनच तो दिवस धरला होता डिलिव्हरीला. संध्याकाळी हॉर्न वाजला, मी हात पुसत बाहेर आले. गाडीला झेंडूचा हार, मुलगी पुढच्या सीटवर, भाऊजी असे ताठ बसलेले की बघत राहावं. वहिनी भाकरतुकडा ओवाळून टाकायला खाली उतरल्या. आणि अहो, आपला मोत्या! गल्लीतल्या त्या आळशी कुत्र्याला कुणी आलं-गेलं तरी पत्ता नसतो. तो उठला, शेपटी हलवत सरळ गेला आणि त्या गाडीखाली जाऊन आडवा झाला. मी म्हटलं, हा असा एकाच गाडीखाली झोपायचा… आणि माझी नजर गेली पाटीवर.

एमएच पंधरा. पुढचा नंबर सांगू? तुम्हाला पाठ असेल. सात वर्षं आपल्या डोळ्यांसमोर उभी होती की ती. नानांची गाडी हो! दसऱ्याला शोरूमला दिली होती तीच!

मी समोर पाहिलं, तर बँकवाले काका त्यांच्या गॅलरीत, आणि त्यांचंही तोंड उघडंच. नानांची सूनबाई गच्चीवर कपडे काढायला गेली होती, ती कपड्यांसकट खाली आली. कुणी काही बोलेना. वहिनी बिचाऱ्या पेढे वाटताहेत आणि जो तो पेढा हातात धरून गाडीकडे बघतोय. वहिनींना वाटलं, सगळे हेव्यानं बघताहेत. त्या आणखी खूश.

आता तुम्ही म्हणाल, आरसीवर मालकाचं नाव नव्हतं का? होतं की! नाव होतं, आणि नावाखाली पत्ताही होता. आपलीच गल्ली! भाऊजींनी फक्त ‘पहिला मालक’ एवढं वाचलं आणि सही करून मोकळे झाले. एवढे इंजिनिअर, पण पत्ता वाचायचा म्हटलं की… जाऊ दे.

तर काय सांगत होते, हां, किंमत. खरी मजा तिथेच आहे.

नाना दसऱ्यापासून सांगत होते ना, ‘जुन्या गाडीचे साडेचार घेतले मी. साडेचार! शोरूमवाल्याला घाम फोडला.’ किती जणांना सांगितलं असेल! दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. आमच्या ह्यांना तर दोनदा, कारण आम्ही आमची गाडी तीन वर्षांपूर्वी स्वस्तात घालवली असं त्यांचं मत आहे. हे घरी येऊन माझ्यावरच उखडले. म्हणजे मी जणू स्वस्तात घालवली!

आणि त्या गुरुवारी, पेढे वाटता वाटता, वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, ‘सगळं धरून चार पस्तीसला पडली हो. आरसी नावावर करून देण्यासकट.’

चार पस्तीस.

नाना फाटकाशीच उभे होते. पेढा तोंडात. चावायचे थांबले.

काका म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, आकडा दिसला की त्यांना राहवत नाही. त्यात वहिनींनी विषय काढला की बाई, जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी लागतो असं ऐकलं होतं, मी तर घाबरलेच होते. झालं! काका गॅलरीतून खाली आले चप्पल न घालता. म्हणाले, ‘वहिनी, 18 टक्के पूर्ण किमतीवर नाही. 2024 च्या डिसेंबरात जैसलमेरला कौन्सिलची बैठक झाली ना, ती हो, पॉपकॉर्नवरून हसू झालं होतं ती. छोट्या गाड्यांना 12 टक्के होता, तो 18 केला. पण तो फक्त मार्जिनवर. शोरूमनं केवढ्याला घेतली आणि केवढ्याला विकली, मधला जो फरक, त्यावर. आणि तुम्ही माझ्याकडून घेतलीत, मी काही धंदेवाला नाही, तर काहीच नाही.’ मग बोटं मोजत म्हणाले, ‘आता शोरूमनं ही केवढ्याला घेतली ते कळलं तर मी आत्ता सांगतो कर किती बसला…’

आणि सगळ्यांच्या माना नानांकडे.

काकांनी अगदी निरागसपणे विचारलं हो! म्हणजे निरागसपणे असं ते म्हणतात. ‘नाना, तुम्ही साडेचारला दिलीत ना? म्हणजे साडेचारला घेतली, चार पस्तीसला विकली. मार्जिन उणे पंधरा हजार. मग जीएसटी शून्य!’

नानांचा चेहरा… काय सांगू तुम्हाला. आधी लाल, मग पांढरा, मग म्हणाले, ‘मला शुगर आहे, पेढा नको,’ आणि अर्धा पेढा हातात घेऊन आत गेले. वहिनी बघताहेत एकदा काकांकडे, एकदा पाटीकडे. ‘म्हणजे… ही नानांची?’ सूनबाई खुदकन हसली आणि कपडे तोंडावर धरून पळाली.

खरा आकडा मग दुसऱ्या दिवशी नानींनी मला सांगितला, मेथी निवडताना. शपथ घातलीय, म्हणून तुम्हालाच सांगते. तीन साठ. तीन लाख साठ हजार, बस. मग साडेचार कुठून आले? तर तीस हजार एक्सचेंज बोनस मिळाला, तो नानांनी धरला. आणि साठ हजार नव्या गाडीवर जीएसटी उतरला त्याचे धरले! आठवतं ना, 2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, पेट्रोलच्या छोट्या गाड्यांवरचा 28 टक्के आणि वरचा एक टक्का सेस जाऊन सरळ 18 टक्के झाला? तो सरकारनं सगळ्यांनाच सोडला होता. नानांनी तो आपल्या जुन्या गाडीच्या किमतीत घातला. नानी म्हणाल्या, ‘मी म्हटलं अहो, असं नसतं, तर मला म्हणे तुला हिशेब कळत नाही.’ उलट नव्या स्वस्त झाल्या म्हणून शोरूमवाला जुनीचे आणखी पाडूनच मागत होता. म्हणाला, काका, नवीच एवढ्यात येतेय तर तुमची जुनी कोण घेणार? त्यात त्याचं काय चुकलं?

आणि काकांना मी सांगितलं नाही हं खरा आकडा. त्यांनी आपणहून काढला. संध्याकाळी फिरायला जाताना हळूच म्हणाले, ‘पंचाहत्तर हजारांचं मार्जिन असणार, साडेतेरा हजारांच्या आसपास कर.’ कुठून कळलं कोण जाणे. मी फक्त नाही म्हणाले नाही.

तर… हो, रिपोर्ट! तो राहिलाच. शोरूमनं वहिनींना तपासणीचा रिपोर्ट दिलाय, चांगला पानंच्या पानं आहे. रविवारी काका तो घेऊन बसले, आमच्या ओट्यावर, चष्मा लावून. आणि काय सांगू, नानांची सात वर्षं त्या कागदात. मागचा डावा बंपर, पुन्हा रंगवलेला. वहिनींनी शोरूमात विचारलं होतं तर तो मुलगा म्हणाला, किरकोळ आहे मॅडम, पार्किंगमध्ये घासली असेल. पार्किंग कसलं! ही तार बघा, इथे, तुमच्या कोपरापाशी. वाकलीय ना? ही नानांची करणी. रिव्हर्स घेताना. आणि तेव्हा नाना काय म्हणाले होते, तुमचं कुंपण बाहेर आलंय! मी तेव्हा काही बोलले नाही. आता कंपनीनंच लिहून दिलंय.

मग काका टॉर्च घेऊन टायरपाशी बसले. नाना तोपर्यंत आले होते, सावरले होते जरा, कारण दोन दिवस घरात बसून त्यांना करमेना. म्हणाले, ‘टायर चारही मी दोन वर्षांपूर्वी बदललेत, भाऊजींचं नशीब.’ काकांनी काही म्हटलं नाही. टायरच्या कडेला लांबट चौकोन असतो बघा, त्यात चार आकडे. वरून काळं पॉलिश फासलं होतं शोरूमनं, काकांनी अंगठ्यानं घासलं. तीन पाच एक आठ. ‘पस्तिसावा आठवडा, 2018,’ काका म्हणाले. दुसरा टायर, तीन पाच एक आठ. तिसऱ्याकडे जायला निघाले, तर नाना म्हणाले, ‘मला वाटतं, ते स्कूटरचे बदलले होते.’ त्यांची स्कूटर विकून जमाना झाला.

आणि सांगू का, मीटर मात्र खरं निघालं. त्यात नानांचा मोठेपणा नाही, गाडी सगळी वर्षं कंपनीच्याच वर्कशॉपला गेली, दर सर्व्हिसला किलोमीटर कॉम्प्युटरवर चढलेले. मागे फिरवायचं म्हटलं तरी कोण फिरवणार? कंपनीच्या दुकानातून घेण्यात हे एक आहे खरं. बाहेरच्या एजंटकडे हे कुठून कळणार? पण काका म्हणतात, तिथेही डोळे उघडे ठेवायचे. यार्डात उभी आहे म्हणजे सर्टिफाइड असं नव्हे. तिथेच शेजारी बिनसर्टिफाइडही उभ्या असतात, बोर्ड तोच, फुगे तेच. कागदावर लिहिलेलं असेल तीच वॉरंटीवाली.

वॉरंटीवरून आठवलं, क्लच! अहो, क्लचचं तर सगळ्यात… तुम्हाला आठवतंय ना, नानांची सूनबाई गाडी कुठल्या गाडीवर शिकली? सकाळी सहाला, आपल्या गल्लीत, घर्रर्र घर्रर्र, बंद. घर्रर्र, बंद. नाना शेजारी बसून ‘सोड, सोड, सोड’ ओरडायचे, आणि ती काय सोडायची ते तिलाच माहीत. महिनाभर आपली कुणाची झोप झाली नाही. त्या सगळ्याचं फळ आता वहिनींच्या पायाखाली. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी नुसती आवाज करते, पुढे सरकत नाही, आणि जळका वास. भाऊजी मोठ्या तोऱ्यात वॉरंटीचं कार्ड घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, सर, वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सची. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, हे झिजणारे भाग, हे त्यात नाहीत. पान उलटून दाखवलंसुद्धा, बारीक अक्षरात. भाऊजींनी तेही वाचलं नव्हतं.

घरी आल्यावर वहिनी नुसत्या धुमसत होत्या. शोरूमचा मुलगा म्हणाला होता, ‘एका वयस्कर काकांनी वापरलीय मॅडम, फक्त देवदर्शनाला.’ वहिनींनी ते वाक्य भर गल्लीत, नानींच्या दारासमोर, शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. सूनबाई दारात उभी होती. तिचा चेहरा असा झाला ना… पण पोरगी धीराची हं. पुढे आली, म्हणाली, ‘वहिनी, देवदर्शन बाबांचं, क्लच माझा.’ मग वहिनींना हसावंच लागलं. आता दोघी संध्याकाळी बरोबर फिरायला जातात. नानींना ते आवडत नाही, पण तो वेगळा विषय आहे. तो उद्या सांगते.

इन्शुरन्सवरूनही थोडं झालंच म्हणा. जुन्या पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस हो, 50 टक्के लिहिलेला, वहिनींना वाटलं गाडीबरोबर तोही आला. तो कसा येईल? तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. नाना आपला एनसीबी उचलून नव्या गाडीवर घेऊन गेले, वहिनींचा शून्यापासून सुरू. पॉलिसी नावावर करायची मुदत चौदा दिवसांची, ते मात्र शोरूमनं वेळेत करून दिलं. आरसीचंही केलं. फॉर्म 29, फॉर्म 30, सगळं त्यांनीच. हो, आणि बोजा! नाना म्हणायचे ना, रोख मोजून घेतली गाडी? आरसीवर बँकेचा बोजा होता. कर्ज कधीच फिटलं होतं, पण उतरवायचा राहिलेला. दसऱ्याच्या आधी नाना बँकेच्या एनओसीसाठी कपाटं उपसत होते ते त्याचसाठी. आपल्याला सांगितलं, मुंजीचे फोटो शोधतोय.

पण आता ऐका, हे कुणालाच माहीत नाही. जवळ या अजून.

फास्टॅग. काचेवरचा तो स्टिकर. नानांनी गाडी दिली तेव्हा टॅग बंद केला नाही, शोरूमनं काढला नाही, आणि भाऊजींना वाटतंय टॅग गाडीबरोबर फुकट मिळालाय, वर रिचार्ज करून! ते टोलवरून ऐटीत जातात, आणि पैसे कुणाचे कापले जातात? नानांचे. मेसेज कुणाला येतो? नानांना! पहिल्यांदा आला तेव्हा नाना दारात बसले होते, नवी गाडी समोर उभी, आणि मोबाईलवर शिंदे टोलनाका. नानींना हाक मारून म्हणाले, अगं, आपली गाडी चोरली! मग नंबर पाहिला.

पुण्याला गेले होते भाऊजी, वहिनींच्या भावाकडे. ते ठीक. पण परवाच्या शनिवारी… वहिनी सांगत होत्या ना, ह्यांना हल्ली शनिवारीही कंपनीत जावं लागतं, काम फार आहे, बिचारे दमून येतात? साडेदहाला नानांच्या मोबाईलवर मेसेज, घोटी टोलनाका. अंबडला जायला घोटी कुठे लागते हो? आणि संध्याकाळी परत, पुन्हा घोटी. त्याच्या आधीच्या शनिवारीही तसंच. इगतपुरीकडे भजी खायला जातात का आणखी कुठे, देव जाणे. कंपनीतले चारपाच मित्र आहेत म्हणे, पत्ते खेळणारे. नानी म्हणतात पत्तेच असतील. मी तर काहीच म्हणत नाही.

मी नानींना म्हटलं, नानांना सांगा, बँकेला एक फोन करून टॅग बंद करून टाका, नाहक पैसे जाताहेत. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी भांडणारा माणूस! तर नानी म्हणाल्या, रोज सांगते, रोज म्हणतात, उद्या करतो. शनिवारी मात्र सकाळपासून मोबाईल चार्जिंगला लावून बसतात.